वाकलेले भाले, पांढरी धूळ

वाचकहो, आपल्या घरात वाढत्या वयाचे मूल असेल, आणि ते तासन्‌तास एकाच टेबलापाशी मान खाली घालून काही घासत, कोरत, चिकटवीत बसत असेल, तर माझी एक विनंती आहे. ते बाहेर गेले असताना त्या टेबलावरून एकदा बोट फिरवून पाहा. गेल्या मे महिन्यात मी तसे केले, तेव्हा बोटाच्या टोकाला पिठीसाखरेसारखी पांढरी धूळ लागली. नागपूरच्या उन्हाळ्यात धुळीचे नवल ते काय? पण ही अंगणातून आलेली भुरी धूळ नव्हती. कनिष्ठ महाविद्यालयात मी २२ वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. बहुवारिकांचा धडा तर दरवर्षीचा. तरीही ती धूळ कशाची हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. तोवर माझा मुलगा रात्री उठून बसू लागला होता.

ती धूळ एका लढाईतून आली होती. आमच्या चिरंजीवांना टेबलावरच्या युद्धांचा नाद आहे. आपल्यापैकी पुष्कळांना हा खेळ नवा असेल, म्हणून थोडे सांगते. जेवणाच्या टेबलाएवढ्या फळीवर डोंगर, ओढे, वस्त्या मांडायच्या, त्यांवर इवलेसे सैनिक उभे करायचे, कोण किती पुढे सरकेल ते टेपने मोजायचे आणि कोण पडले ते फाशांवर ठरवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी असा खेळ वापरात आला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात घरगुती लढायांचे नियम मांडले. आज हे सैनिक साधारण २८ मिलिमीटर मापाचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे असतात. मुले त्यांना ‘मिनिएचर’ म्हणतात. मला मात्र दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळेच आठवतात.

आमच्या मुलाला चौथ्या वर्षापासून दमा आहे. मैदानावरचा खेळ त्याच्या वाट्याला बेताचाच आला. क्रिकेटमध्ये तो गुण लिहून घेणारा मुलगा. दहावीची परीक्षा संपली आणि त्याला तीन समवयस्क सोबती मिळाले, तेही याच नादाचे. चौघांनी मिळून ठरवले, की सीताबर्डीची लढाई मांडायची. आपण नागपूरकर त्या टेकडीखालून रोज जातो, टेकडीच्या गणपतीला हात जोडतो. पण २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तेथे आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची पलटण यांच्यात गोळीबार सुरू झाला, दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली आणि नंतर ती गमावली, हे किती जणांच्या मनात असते? या मुलांनी ते सारे वाचून काढले. थर्माकोलच्या दोन टेकड्या झाल्या, त्यांना गेरूचा रंग चढला. रविवारी आमच्या मागच्या खोलीतून हसण्याचे आवाज येऊ लागले. ज्या घरात अनेक वर्षे वाफेच्या यंत्राचा आवाज ऐकला, तेथे हे हसणे किती मोलाचे होते, ते आजारी मुलाच्या आईवडिलांना वेगळे सांगायला नको.

उणीव होती ती सैनिकांची. भोसल्यांचे भालाईत स्वार बाजारात तयार कोठून मिळणार? मुलांनी पैसे जमवून स्वार एका विक्रेत्याकडून मागवले; ते रेझिनचे, साच्यात ओतलेले. अरब पायदळ शहरातल्याच एका तरुणाने आपल्या थ्री-डी प्रिंटरवर छापून दिले. तेही रेझिनचेच, पण वेगळ्या जातीचे. हा भेद तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता.

पार्सल उघडले तो दिवस मला आठवतो. मे महिन्याचा उत्तरार्ध, पारा ४५ अंशांच्या आसपास. मुले डब्यावर तुटून पडली आणि हळूहळू गप्प झाली. १२ स्वारांपैकी सात जणांचे भाले केळीच्या पानासारखे झुकलेले. एका घोड्याच्या पोटाला दोन्ही बाजू जुळतच नव्हत्या. साच्याची दोन अर्धुके एकमेकांवरून सरकली, की असे होते. एका स्वाराच्या नाकाच्या जागी बुडबुड्याचा खळगा. घोड्यांच्या पायांमध्ये पापुद्रे, अंगावर साच्याच्या सांध्याच्या रेघा, आणि हात लावला की एक तेलकट स्पर्श. इकडे छापलेले अरब शिपाई दिसायला रेखीव. पण बोटाला चिकटत होते आणि त्यांना एक उग्र वास होता. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. हाताने केलेल्या कामात एवढे चालायचेच, घासून आणि भरून घ्या, असे उत्तर आले.

खरे सांगायचे तर ही तक्रार या खेळाइतकीच जगभर पसरलेली आहे. गेम्स वर्कशॉप या मोठ्या ब्रिटिश कंपनीने २०११ साली धातूच्या पुतळ्यांऐवजी रेझिनचे पुतळे काढले, तेव्हा बुडबुडे आणि वाकलेली हत्यारे यांवरून खेळणाऱ्यांनी पुष्कळ नाराजी व्यक्त केली होती. रेझिनमध्ये चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा उमटते, म्हणून ते हवेसे वाटते. पण ते लहरी आहे. ओतीव पुतळ्यांचे पॉलियुरेथेन दोन द्रव मिसळून बनते. त्यांपैकी एका द्रवात आयसोसायनेट असते, आणि त्याला पाण्याचे वावडे. हवेतला ओलावा मिसळला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पुतळ्याच्या अंगात बुडबुडे राहतात. म्हणून जाणते कारागीर द्रवातली हवा आधी पंपाने ओढून घेतात, किंवा साचा दाबाखाली ठेवतात. घट्ट झालेले रेझिनही उष्णतेने नरमते. तापलेल्या गाडीत किंवा गच्चीवरच्या डब्यात भाल्यासारखा बारीक भाग आपल्याच भाराने वाकतो. तेलकटपणा साच्यातून पुतळा सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा. तो धुतला नाही, तर वर रंग धरत नाही.

यातले एकही वाक्य मला अवघड नव्हते. वर्गात मी हे अर्ध्या तासात शिकवले असते.

मुलाने मात्र विक्रेत्याचे म्हणणे शब्दशः मानले. कानस, कटर आणि पॉलिश पेपर घेऊन तो कामाला लागला. बाहेर नवतपा पेटलेला. मागच्या खोलीत एसी लावून, दारे-खिडक्या बंद करून तो रोज चार-पाच तास कोरडेच घासत असे. घासताना पुतळा नाकाशी धरावा लागतो, नाहीतर रेघ दिसत नाही. मधूनमधून फुंकर मारून भुकटी उडवायची, पुन्हा घासायचे. चार दिवसांनी कोरडा खोकला आला. मी म्हटले, एसीचा गारवा बाधला. सहाव्या रात्री तो उशीला टेकून बसला होता आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शिटी वाजत होती. त्याच सुमारास अरब शिपायांवर काम करणाऱ्या त्याच्या मित्राच्या बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठले. त्याच्या आईने फोनवर विचारले, “वहिनी, तुमच्याकडे साबण बदलला का हो?”

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत मुलाने फुंकर घातली. त्याचा नेहमीचा आकडा ४२०. त्या दिवशी ३३०. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेले की सावध व्हायचे, हे दम्याच्या घरांतून पाठ असते. डॉक्टरांनी औषध वाढवले आणि सहज विचारले, “हल्ली घरात काय नवीन आहे?” मी म्हणाले, काही नाही. मुलगाच म्हणाला, “डॉक्टर, मी रेझिन घासतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना माझा पेशा माहीत होता.

घरी येऊन मी टेबलावरून बोट फिरवले ते त्यानंतर. दोन दिवस माझ्या मनात औषध, एसी, आंब्याचा रस असे सारे काही फिरत होते. डॉक्टरांसमोर मुलाने नाव घेतले तेव्हा कुठे तो धडा आठवला. घट्ट झालेला पुतळा हातात घेतल्याने काही होत नाही. तो जवळजवळ निष्क्रिय असतो. पण त्याची बारीक धूळ श्वासनलिकेला टोचते, आणि ज्याची नळी आधीच हळवी, त्याला ती लवकर टोचते. ओतकाम करणाऱ्यांचा धोका याहून मोठा आहे. द्रव आयसोसायनेट हे कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. छापील रेझिनचा प्रकार निराळा. ते प्रकाशाने घट्ट होते. छापल्यावर अल्कोहोलमध्ये धुऊन पुन्हा अतिनील प्रकाशात पक्के करावे लागते. हे शेवटचे काम अर्धवट राहिले, की पुतळा चिकट राहतो, आणि पृष्ठभागावर उरलेली अ‍ॅक्रिलेट द्रव्ये त्वचेला वैरी करून घेतात. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली, की सहसा सुटत नाही. पुढे दातांत भरायचे सिमेंट किंवा नखांना लावायचे जेल यांनीही ती उठू शकते. पोकळ पुतळ्यांच्या पोटात द्रव अडकून राहिला, तर काही महिन्यांनी पुतळा तडकून तो बाहेर झिरपतो. त्या मुलाच्या बोटांवर हेच झाले होते, असे त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले.

मग मी जे केले, ते सांगताना मला संकोच वाटतो. मी सर्व सैनिक, कानशी, रंग एका खोक्यात भरले आणि खोके माळ्यावर टाकले. मुलगा काही बोलला नाही. रविवारी मुले आली नाहीत. तीन आठवडे तो अंथरुणावर मोबाइल धरून पडून राहिला. आकडा हळूहळू ४१० वर आला, मी मनात आनंदले, आणि मग माझ्या लक्षात आले, की घर पुन्हा पूर्वीसारखे शांत झाले आहे.

जूनमध्ये कुठल्याशा कामाने महालात जाणे झाले आणि परतताना आम्ही दोघे चितार ओळीतून आलो. गणपतींचे काम सुरू झाले होते. एका मूर्तिकाराने ओल्या मातीच्या मूर्तीच्या हाताला पाण्याचा कुंचला फिरवून सांधा मिटवला, तो मुलगा बघत उभा राहिला. “काका, सुकल्यावर घासत नाही का?” त्याने विचारले. म्हातारबुवा म्हणाले, “काऊन घासायचं, बाबू? ओल्यातच मिटवलं तं धूळच होत नाही जी. आमचा बाप पीओपीच्या मूर्ती घासे दिवसभर, फडकं बी बांधत नोहता. मंग रातभर खोकला.” एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. आम्ही दुचाकीपर्यंत चालत आलो. मुलगा म्हणाला, “आई, रेझिनपण पाण्याखाली घासता येतं. मी वाचलं होतं. पण पाण्यात हात घालायचा कंटाळा केला.”

त्या रात्री खोके माळ्यावरून उतरले. परंतु अटी माझ्या होत्या.

आता आमच्याकडे पुतळा आला, की पहिल्या दिवशी त्याला कोणी कानस लावत नाही. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश. वाकलेला भाला गरम पाण्यात क्षणभर धरला की नरमतो, बोटाने सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा. मेणबत्तीवर किंवा गॅसवर मात्र कधीही नाही. जळणाऱ्या रेझिनचा धूर धुळीहून वाईट. घासणे वॉटर पेपरने, पाण्याच्या ताटलीत. कटरने खरवडून भागत असेल तर घासायचेच नाही, कारण खरवडण्यातून पडते ती सालपटे, धूळ नव्हे. काम संपले की टेबल ओल्या फडक्याने पुसायचे, झाडू नाही. मुखपट्टी एन-९५ ची. पण ती धुळीसाठी आहे. वास आणि वाफ तिच्यातून आरपार जातात, म्हणून फेवीक्विकच्या जातीचा गोंद किंवा फवाऱ्याचा रंग वापरायचा तो गच्चीवर. बुडबुड्यांचे खळगे दोन रंगांची लुकणे मळून भरायचे, तेही नायट्राइलचे हातमोजे घालून. चिकट लागणारा छापील पुतळा तर मोज्याशिवाय उचलायचाच नाही. तो ज्याने छापला त्याला परत. त्या तरुणाने आमचे ऐकून घेतले, सगळे अरब शिपाई नेले आणि धुऊन, पक्के करून आणून दिले. त्याच्या यंत्राशेजारी खिडकी नव्हती. आता त्याने यंत्र गॅलरीत हलवले आहे. घट्ट न झालेले रेझिन मोरीत ओतायचे नसते, हेही त्याला कोणी सांगितले नव्हते. उघड्या बशीत उन्हात ठेवून कडक झाले की मग ते कचऱ्यात टाकता येते. या एका कामापुरते तरी नागपूरचे ऊन उपयोगी पडते.

डब्यावरच्या ‘१४+’ या आकड्याविषयीही सांगायला हवे, कारण मी तो फार चुकीचा वाचला होता. मला वाटे, खेळ डोक्याला जड म्हणून वयाची अट असेल. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पण तो नियम १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. मोठ्यांच्या छंदाची वस्तू म्हणून विकले जाणारे पुतळे सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे त्या आकड्याचा अर्थ असा, की या वस्तूची खेळणे म्हणून तपासणी झालेली असेलच असे नाही. घरात धाकटे भावंड असेल आणि ते सारे तोंडात घालत असेल, तर हा अर्थ आईवडिलांनी नीट समजून घ्यावा. आजोबांच्या काळचे जड धातूचे शिपाई घरात असतील, तर तेही जपून ठेवा. जुन्या ओतीव शिपायांत शिसे पुष्कळ असे.

विक्रेत्याचे काय झाले, असे आपण विचाराल. मुलांनी पुन्हा पत्र लिहिले, या वेळी विनवणी न करता. कोणत्या स्वारात कोणता दोष, तो दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, सारे क्रमाने. घोड्याच्या सरकलेल्या पोटाचे मिलिमीटरमध्ये माप. पोटाचा सांधा एक मिलिमीटरहून अधिक सरकला असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, नवीन मूर्तीच घडवणे झाले, असे माझ्या मुलाने त्यात लिहिले होते. मला ते वाक्य आवडले. सहा स्वार बदलून आले. ते पावसाळी हवेत आले, तरी दोघांचे भाले थोडे झुकलेलेच होते. ग्राहकाने दोष घासून घ्यावा ही रीत मला अजूनही पटत नाही. आपण पैसे देतो ते तयार वस्तूचे, आणि अपुरे राहिलेले काम मात्र घरातल्या सर्वांत लहान फुप्फुसांवर येऊन पडते. मुलगा म्हणतो, “आई, हे कामच तर मजेचं आहे.” त्याचेही खरे असेल. आमचे या बाबतीत एकमत झालेले नाही.

त्याने एक वही केली आहे. डाव्या पानावर रोजचा श्वासाचा आकडा, उजव्या पानावर त्या दिवशी किती वेळ, कोणते काम केले. डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि पुढच्या भेटीलाही घेऊन यायला सांगितले. मित्राच्या बोटांवरचे पुरळ गेले. पण तो आता छापील रेझिनला हात लावत नाही, फक्त टेकड्या आणि झाडे करतो. थर्माकोलच्या टेकडीवर त्याने लिंबाच्या काड्यांची जी झुडपे उभी केली आहेत, ती आपण येऊन पाहावीत अशी आहेत.

ऑगस्टच्या एका रविवारी लढाई झाली. बाहेर पावसाची रिपरिप, खिडक्या उघड्या, टेबल ओल्या फडक्याने पुसलेले. सकाळचा आकडा ४२०. अरबांनी धाकटी टेकडी घेतली, इतिहासात घेतली होती तशीच. मग भोसल्यांचे स्वार पुढे सरसावले. पहिल्याच फाशाला पडला तो वाकलेल्या भाल्याचा स्वार. “त्याला समोरचं दिसतच नव्हतं,” कोणीतरी म्हणाले, आणि चौघेही हसत सुटले. मी स्वयंपाकघरात तर्री-पोह्यांच्या तयारीत होते. हसण्यामागून खोकला येतो का, म्हणून थोडा वेळ हात थांबवून कान देऊन उभी राहिले. मग मधले दार लावून घेतले, बाहेर जाणारी हवा खेचणारा पंखा सुरू केला, आणि तेलात मिरचीची फोडणी टाकली.